पाचशे सत्तर शब्द आणि एक हरकत

पुण्याजवळच्या मांजरी गावात माणसाचं खरं नाव रेशनकार्डावर असतं आणि रेशनकार्ड पत्र्याच्या पेटीत. एरवी त्या नावावाचून कुणाचं काही अडत नाही. एकदा कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन गावात आला आणि पारावर बसलेल्या एका माणसाला समन्सवरचं नाव वाचून दाखवून म्हणाला, "हे गृहस्थ कुठं राहतात?" त्या माणसाने डोकं खाजवलं, शेजारच्याला विचारलं आणि सांगितलं, "नाही बुवा, या नावाचं कुणी गावात नाही." बेलीफ तसा शेरा मारून परत गेला. रात्री जेवताना बायकोने आठवण करून दिली तेव्हा त्याला कळलं, की समन्स आपल्यालाच होतं. तो खोटं बोलला नव्हता. चाळीस वर्षं सगळं गाव त्याला 'पावणेसहा' म्हणत होतं. तोही स्वतःला तेच म्हणत होता.

अशी नावं देण्याचं काम हिंमतरावांकडे होतं. त्यांनी आजवर त्रेचाळीस जणांना नावं दिली, त्यातलं एकही पुसलं गेलं नाही. आणि हे काम उगाच तोंडाला येईल तसं चालत नसे. त्याची पद्धत ठरलेली होती. नाव सुचवणाऱ्याने तीन प्रसंग सांगायचे. तेही स्वतः पाहिलेले, ऐकीव नाहीत. मग ज्याला नाव द्यायचं तो, किंवा बसलेल्यांपैकी कुणीही, 'हरकत' म्हणू शकतो. हरकत आली की सुचवणाऱ्याने उत्तर द्यायचं. उत्तर चारचौघांना पटलं तर नाव लागलं, नाही पटलं तर नाव रद्द.

पुढे उसाच्या रानात बारा मजल्यांचे चार टॉवर उभे राहिले. इटलीतल्या कुठल्याशा तळ्याचं नाव त्यांना दिलं. हे नाव कुणाला विचारून दिलं, असं हिंमतरावांनी बिल्डरला दोनदा विचारलं होतं. जमीन देणाऱ्यांना त्यातच फ्लॅट मिळाले आणि पार गेटाजवळच्या दोन ग्रॅनाइटच्या बाकांवर आला. सोसायटीने तिथे 'सीनियर सिटिझन्स सिटिंग झोन' अशी पाटी लावली. पाटीवर गेनबा आपली टोपी अडकवतो.

हिंमतरावांची नात प्रियदर्शनी सव्वीस वर्षांची होती. मातीचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. हॉलंडमधल्या एका विद्यापीठाने तिला मृदाशास्त्राच्या एम.एस्सी.ला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच: आयईएलटीएस नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात सात गुण हवेत, आणि तेही मार्चअखेरच्या आत. बोलणं, ऐकणं, वाचणं यात तिला सात-साडेसात सहज मिळत. लेखनात पहिल्या वेळी सहा आले. दुसऱ्या वेळी दुप्पट अभ्यास केला, तेव्हाही सहाच आले. आता मार्चमधला एक शनिवार उरला होता. त्यानंतर परीक्षा देऊन उपयोग नव्हता.

हडपसरला गाडीतळाजवळ एका साड्यांच्या दुकानावर आमोद सरांचा क्लास होता. आमोद सरांचं म्हणणं असं, की प्रत्येक वाक्यात दोन तरी भारदस्त शब्द आले पाहिजेत. त्यांनी पाचशे सत्तर शब्दांची यादी दिली होती. "वाक्याला वजन पडलं पाहिजे," ते फळ्यावर डस्टर आपटून सांगत. प्रियदर्शनीने इतकं वजन टाकलं, की तिचा निबंध वर अडीच हात जादा भरलेल्या उसाच्या ट्रॉलीसारखा चालायचा. सरळ रस्त्यावर ठीक, वळण आलं की पलटी.

घरभर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटल्या होत्या. फ्रिजवर, गीझरवर, हिंमतरावांच्या कवळीच्या डबीवर. आई दीपमाला फक्त एवढंच म्हणाली, "पोळपाटावर एक जरी चिकटवलीस ना, तर हॉलंडला मीच जाईन."

जानेवारीतल्या एका संध्याकाळी प्रियदर्शनी हातात यादी घेऊन गेटापाशी येरझाऱ्या घालत होती. बाकावर हिंमतराव, गेनबा आणि एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर दशरथ असे तिघे बसले होते.

"काय पुटपुटतीयस गं मघापासून?" हिंमतराव म्हणाले. "शिव्या देत असशील तर मोठ्यांदा दे. आम्हालाही कळू दे कुणाला ते."

"शब्द पाठ करतेय आबा. आज वीस झाले."

"आणि कालचे वीस?"

"ते काल झाले होते."

दशरथ खोकल्यासारखं हसला. हिंमतराव सरकून बसले आणि त्यांनी बाकावर जागा केली. "बस. एक सांग त्यातला."

"अँबिग्युअस."

"काय असतं ते?"

"ज्याचे दोन अर्थ निघतात. नक्की काय म्हणायचंय ते कळतच नाही, असं."

"बरं. मग आपल्यात कोण?"

"आबा, तो शब्द आहे. नाव नाही."

"माणूस मिळाल्याशिवाय शब्द राहत नाही डोक्यात. मला त्रेचाळीस नावं पाठ आहेत, अजून एक विसरलो नाही. तुझ्या सरांना किती आहेत?"

प्रियदर्शनीने बाकावर नजर फिरवली आणि ती गेनबावर येऊन थांबली. गेनबाचं गावातलं नाव 'पाक'. गुऱ्हाळावर गुळाची कढई कधी उतरवायची हे तो नुसत्या वासावरून सांगायचा. एकदा थेऊरला लग्नाच्या पंगतीत बसला असताना मांजरीच्या कढईतला पाक लागायला आलाय हे त्याला तिथे कळलं, आणि पानातली जिलबी टाकून तो सायकलवर बसला. कढई वाचली. जिलबीचं दुःख मात्र त्याला अजून आहे.

"गेनबाआजोबा," प्रियदर्शनी म्हणाली.

"हां, आता प्रसंग सांग. तीन." हिंमतराव मांडी घालून बसले.

ती बोटांवर मोजू लागली. "एक. परवा आई म्हणाली, 'चहा टाकू का?' तर यांनी मान अशी हलवली, की हो पण नाही आणि नाही पण नाही. दोन. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करा म्हणाले, तेव्हा यांचा हात दोन्ही बाजूंना मोजला गेला. तीन. यांच्या नातीला स्थळ आलं तेव्हा पसंत आहे का विचारलं, तर 'बघू' म्हणाले. त्या ताईला आता दोन मुलं आहेत. हे अजून बघतायत."

दशरथने मांडीवर थाप मारली. "लागू! एकदम लागू!"

"हरकत," गेनबा म्हणाला.

गेनबाने टोपी पाटीवरून काढून डोक्यावर घातली. हरकत टोपी घालूनच घ्यायची असते.

"पोरी, त्या दिशी च्या आला का न्हाय?"

"आला."

"साखर किती हुती?"

"कमी."

"मला कमीच लागती. मंजी तुज्या आईला कळलं का न्हाय?" गेनबा थांबला. "मीटिंगीचं म्हंशील, तर सेक्रेटरीला मोजता येत न्हाय त्यो माजा दोष हाय व्हय? दशरथ, माजा हात कुणाच्या बाजूनं हुता?"

"पाण्याच्या टाकीच्या विरोधात," दशरथ कबूल झाला. "ते सेक्रेटरी सोडून सगळ्यांना कळलं होतं."

"आन् पावना मला पसंत न्हवता हे पावन्याला बी ठावं हाय. आजून मला बघून उठून हुबा ऱ्हातो."

प्रियदर्शनीने यादीकडे पाहिलं. यादीत त्या शब्दापुढे तिने हिरव्या पेनाने अर्थ लिहिला होता, वाक्यात उपयोगही लिहिला होता, आणि तरी तो शब्द समोरच्या माणसाला बसत नव्हता. मापाचा सदरा म्हणून आणावा आणि बाही कोपराशीच संपावी, तसं झालं होतं. तिने पान उलटलं, खाली आली, पुन्हा वर गेली.

"मग तुम्ही इम्प्लिसिट आहात," ती हळू म्हणाली. "न बोलता सांगितलेलं. शब्दात नाही, पण ऐकणाऱ्याला बरोबर कळतं असं."

गेनबाने मान हलवली. हो पण नाही आणि नाही पण नाही. नाव मान्य झालंय हे सगळ्यांना कळलं.

त्या रात्री प्रियदर्शनीला झोपेतून उठवून कुणी त्या दोन शब्दांतला फरक विचारला असता, तरी तिने सांगितला असता. आणि ते तिलाच नवल वाटलं.

मग रोज संध्याकाळी पाराचं काम सुरू झालं. दशरथला स्वारगेटपासून एकेक थांबा घेतल्याशिवाय हडपसरची हकीकत सांगता येत नसे, म्हणून तो 'सिक्वेन्शिअल' झाला. बी विंगची लिफ्ट 'रिलक्टंट' ठरली. ती इतक्या नाखुशीने वर जायची, की बाराव्या मजल्यावरच्या शेफाली वहिनी तळमजल्यावर मटार घेऊन आत शिरत आणि घरी पोचेपर्यंत सगळे सोललेले असत. दीपमालेला नाव द्यायची गोष्ट निघाली, तेव्हा तिने गॅलरीतूनच सांगितलं, "मला नाव दिलंत तर उद्यापासून भाकरी तुम्हीच थापा."

"ही हरकत नाही, ही धमकी आहे," हिंमतराव म्हणाले. "पण मंजूर."

हळूहळू बातमी पसरली. आजूबाजूच्या टॉवरमधली माणसं संध्याकाळी नाव मागायला येऊ लागली. खराडीच्या एका कंपनीतला मॅनेजर तर रजा टाकून आला होता, असं सांगतात. अटीवाचून कशालाच हो न म्हणणारा, म्हणून त्याला 'कॉन्टिन्जंट' मिळालं आणि तो पेढे वाटून गेला. फेब्रुवारी संपेपर्यंत दोनशे दहा शब्दांना माणसं मिळाली. पण खरी कमाई निराळीच होती. सुचवलेल्या दर तीन नावांतल्या एकावर हरकत यायची, आणि तिचं उत्तर द्यायला प्रियदर्शनीला उभं राहावं लागायचं. गेनबासमोर गोलगोल बोललेलं चालत नसे. 'असं साधारणपणे दिसून येतं' म्हटलं, की तो विचारायचा, "कुणाला दिसतं? कवा?"

आमोद सर मात्र खूश नव्हते. तिचा सरावाचा निबंध त्यांनी दोन बोटांत धरून परत दिला. "पहिल्या परिच्छेदात एकच जड शब्द? प्रियदर्शनी, तीन आठवडे राहिलेत. वजन उतरवतीयस तू!"

ती घरी आली ती चिडूनच. पारावर त्या दिवशी 'रिडंडंट' शब्दाची पाळी होती. गरज नसताना असलेला, नसला तरी काही न बिघडणारा. हिंमतरावांनी विचारलं, "आपल्यात कोण?" आणि तिने फारसा विचार न करता सांगून टाकलं, "सर्जेरावअण्णा."

सर्जेराव म्हणजे जमिनीच्या व्यवहारात आयुष्य गेलेला साठीचा गडी. पांढरी कडक इस्त्री, कपाळावर गॉगल. त्याचं एक जुनं दुःख होतं. गावात सर्जेराव एकच, त्यामुळे दुसऱ्या सर्जेरावापासून त्याला वेगळं काढायची वेळ कधी आली नाही, आणि म्हणून त्याला नाव मिळालंच नाही. त्रेचाळीस जणांत तो नव्हता. तीस वर्षं तो हिंमतरावांना म्हणत होता, "दादा, आमचं तेवढं बघा की."

प्रियदर्शनीने प्रसंग सांगितले. सोसायटीला चार सल्लागार असताना अण्णा पाचवे सल्लागार झाले. पुतण्याच्या लग्नात नवरानवरी गाडीत बसून गेल्यावर अण्णांनी पाऊण तास भाषण केलं. आणि रेल्वे गेटाच्या चौकात सिग्नल चालू असताना अण्णा त्याच्या खाली उभं राहून हात दाखवतात. सगळे पोट धरून हसले. सर्जेराव त्या दिवशी शिक्रापूरला गेला होता. बसलेल्यांपैकीही कुणी हरकत घेतली नाही. नाव लागलं, आणि अर्थावाचूनच त्याच्यापर्यंत पोचलं.

परीक्षेचा आठवडा आला; परीक्षा शनिवारी. बुधवारी सकाळी प्रियदर्शनी स्कूटरवरून क्लासला निघाली आणि चौकात तिचा ब्रेक आपोआप दाबला गेला. समोर बारा बाय वीसचा फ्लेक्स होता. तो एवढा मोठा, की वारा सुटला असता तर दोन खांब बरोबर घेऊन लोणीला उतरला असता. त्यावर गॉगल लावलेले सर्जेराव, एकदा मोबाइल कानाला लावून आणि एकदा हात जोडून. खाली ठळक अक्षरांत: 'समाजभूषण, कार्यतत्पर, रिडंडंट नेतृत्व मा. सर्जेराव (अण्णा) यांना वाढदिवसाच्या रिडंडंट शुभेच्छा!' आणि सगळ्यांत खाली, 'शुभेच्छुक: रिडंडंट ग्रुप, मांजरी'. अकरा पोरांचे फोटो.

खराडीच्या बसमधली माणसं खिडकीतून फोटो काढत होती. दुपारपर्यंत तो फोटो तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला. संध्याकाळी तर फुरसुंगीहून एक उगवते नेते हिंमतरावांकडे येऊन विचारून गेले, की ही पदवी कुठून मिळते, आणि जिल्हा पातळीवरची आहे का.

प्रियदर्शनीने वही उघडली आणि मिटली. एकही वाक्य पुढे सरकेना. मा. सर्जेराव अण्णा गॉगलमधून तिच्याकडे बघत होते.

"आबा, मी काय करू?"

"जे केलंस ते निस्तर," हिंमतराव म्हणाले. "दिलेलं नाव काढायला एकच रस्ता आहे. ज्याचं नाव त्यानं हरकत घ्यायची. पण त्याला अर्थच माहीत नाही, तर घेईल कशी?"

"म्हणजे मी जाऊन सांगायचं?"

"मी सांगितलं असतं गं. पण नाव तू दिलंयस."

गुरुवारी संध्याकाळी सर्जेराव आपणहून पारावर आला. हातात पेढ्यांचा बॉक्स. "दादा, तीस वर्षांनी का होईना, दिलंत. आणि तेही इंग्लिशमध्ये! बी विंगमधली शेफाली सूनबाई काल वाचून हसायलाच लागली. म्हटलं, हस बाई, आनंद झाला की माणूस हसतं."

प्रियदर्शनी उभी राहिली. "अण्णा, पेढे ठेवा बाजूला. त्या शब्दाचा अर्थ सांगते."

तिने सांगितला. सगळा, गुळमुळीतपणा न करता. तीन प्रसंगही सांगितले.

सर्जेरावाचा गॉगल कपाळावरून नाकावर घसरला आणि तिथेच राहिला. दशरथ आपल्या चपलेकडे बघत होता.

"असून नसून सारखा," सर्जेराव शेवटी म्हणाला. "बारा बाय वीस."

"अण्णा, चूक माझी—"

"थांब." त्याने गेनबाकडे हात केला. "टोपी द्या." गेनबाची टोपी त्याने डोक्यावर घातली. ती त्याला लहान होत होती. "हरकत."

एवढं म्हणून तो थांबला. पाऊण तास भाषण करणारा माणूस, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्याने एकदा हिंमतरावांकडे पाहिलं, एकदा गेटाबाहेर.

"मी सांगते त्यांची हरकत," प्रियदर्शनी म्हणाली.

"नाव सुचवणारीच हरकत सांगणार?" दशरथ म्हणाला. "असं कधी झालं नाही."

"आज होईल," हिंमतराव म्हणाले. "बोल."

"पाचवे सल्लागार, हे खरं आहे. त्या पदाची गरज नाही. भाषणही तसंच."

"भाषण चांगलं झालं होतं," सर्जेराव पुटपुटला.

"भाषण चांगलंच होतं अण्णा, ऐकायला कुणी नव्हतं. तर हे दोन प्रसंग मी मागे घेत नाही. पण तिसरा मी अर्धाच सांगितला. सिग्नल चालू असताना तुम्ही उभे असता, बरोबर. पण मागच्या आठवड्यात तीन दिवस सिग्नल बंद होता, तेव्हाही तुम्हीच होतात. मी क्लासला वेळेवर पोचले ती तुमच्यामुळे. एखादी गोष्ट रोज लागत नाही म्हणजे ती नको असते, असं नाही. आणि एक प्रसंग तर मी सांगितलाच नाही. दिवाळीनंतर पाच दिवस चारही टॉवरना पाणी नव्हतं. इंजिनिअरने चार ठिकाणी खणलं. तुम्ही आलात, काठी टेकवलीत आणि म्हणालात, 'इथं खणा, इथं उसाच्या पाटाचा जुना व्हॉल्व्ह आहे.' एका तासात पाणी आलं. कुठल्या फरशीखाली कुठलं रान आहे, कुठली विहीर बुजवलीय, कुठून पाइप गेलाय हे आता फक्त तुम्हाला माहीत आहे. म्हणून माझं म्हणणं, अण्णांची काही कामं रिडंडंट आहेत. अण्णा नाहीत."

गेनबाने "कुणाला दिसलं? कवा?" विचारलं नाही. विचारायला काही उरलंच नव्हतं.

"नाव रद्द," हिंमतराव म्हणाले.

"रद्द करून मी परत बिननावाचा!" सर्जेराव कळवळला. "आधी निदान फ्लेक्स तरी होता."

प्रियदर्शनीला यादी बघावी लागली नाही. "अंडरलाइंग."

"आता अर्थ आधी सांग."

"वर दिसत नाही, पण बाकीचं सगळं ज्याच्यावर उभं असतं, ते."

सर्जेरावाने गॉगल काढला, सफारीच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "वर दिसत नाही म्हणजे? फ्लेक्सवर दिसेन ना?"

तो फ्लेक्स त्याने उतरवला नाही. वाढदिवस रविवारी होता. "राहू दे तोवर," तो म्हणाला, "वाचणाऱ्यांना तरी कुठं कळतंय? अकरा पोरांचे फोटो आहेत, त्यांच्या आया बघून जातात रोज." मग त्याने पेढे वाटले. प्रियदर्शनीला दोन दिले.

शनिवारी कॅम्पातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये चाळीस कॉम्प्युटरांसमोर चाळीस डोकी बसली. निबंधाचा विषय आला: सगळी माहिती आता फोनवर मिळत असल्याने सार्वजनिक वाचनालयांची गरज उरलेली नाही, असं काहींचं मत आहे, तुम्हाला काय वाटतं?

प्रियदर्शनीने डोळे मिटले. हॉलच्या थंडगार एसीत तिच्या डोळ्यांसमोर ग्रॅनाइटचा बाक आला. तिने वाचनालयं नकोत म्हणणाऱ्यांची बाजू आधी मांडली, तीही चांगली भक्कम, कारण लुळी बाजू मांडली तर गेनबा ऐकून घेत नाही. त्यांचं काय बरोबर आहे ते कबूल केलं. मग कुठे चुकतं ते सांगितलं. फोनवर माहिती मिळते, पण दुपारी दोन तास शांत बसायला जागा मिळत नाही, हे हडपसरच्या एका खोलीत पाच जणांत राहून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाचं उदाहरण देऊन सांगितलं. एकेक वाक्य लिहिताना पलीकडून कुणीतरी 'कवा?' विचारत होतं आणि ती उत्तर देत होती.

लिहून झालं तेव्हा सहा मिनिटं उरली होती. तिने वाचून पाहिलं. पाचशे सत्तरांपैकी जेमतेम अकरा शब्द आले होते. आमोद सरांच्या हिशेबाने चाळीस तरी हवे होते. तिने सरांचा लाडका 'प्लेथोरा', म्हणजे रेलचेल, पहिल्या वाक्यात बसवला. दुसऱ्यात 'मल्टिफॅसेटेड', म्हणजे अनेक पैलूंचा, घातला. तिसऱ्यापाशी तिची बोटं थांबली. वाचनालय मल्टिफॅसेटेड? तीन प्रसंग सांग. तिच्याकडे एकही नव्हता.

तिने दोन्ही शब्द पुसले. घड्याळात दोन मिनिटं होती. तिने हात मांडीवर ठेवले आणि पडद्यावर वेळ संपेपर्यंत तशीच बसून राहिली. आजूबाजूला एकोणचाळीस कीबोर्ड पावसासारखे वाजत होते.

पुढचे पाच दिवस घरात कुणी परीक्षेचं नाव काढलं नाही. दीपमालेने चिठ्ठ्या काढल्या. कवळीच्या डबीवरची मात्र हिंमतरावांनी राहू दिली. तिच्याशिवाय डबी ओळखू येत नाही, म्हणाले. प्रियदर्शनी एकदाच आईला म्हणाली, "अकराच शब्द आलेत गं," आणि दीपमालेने तिच्या ताटात आणखी भात वाढला.

गुरुवारी दुपारी ती प्रयोगशाळेत होती. भट्टीत मातीचे चोवीस नमुने वाळत होते. फोनवर निकालाचा मेल आला. तिने तो उघडला, बंद केला आणि परत उघडला. मग घरचा नंबर लावला.

"आबा, लेखनात सात आले."

"शंभरात?"

"नवात."

"मग राहिलेले दोन कुणी घेतले?"

"कुणी नाही घेतले हो. सातच हवे होते. झालं काम. जाते मी आता."

मग हिंमतराव म्हणाले, "लगेच?"

"ऑगस्टमध्ये."

"मग हरकत नाही. मला वाटलं, चहा न पिताच निघालीस." मग त्यांनी फोन तोंडापासून लांब धरून कुणाला तरी ओरडून सांगितलं, आणि मागे दशरथची हकीकत स्वारगेटपाशी सुरू झाल्याचं तिला ऐकू आलं. तिने हळूच फोन ठेवला.

निकालाचा कागद तिने विद्यापीठाला पाठवला. 'पोचला' असं उत्तर चार मिनिटांत आलं. हॉलंडमध्ये तेव्हा सकाळ असणार. भट्टीची घंटा वाजली. जाड हातमोजे घालून तिने एकेक डबी बाहेर काढली. काही नमुने लोणीचे होते, काही उरुळीचे, तीन मांजरीचे. गरम मातीचा वास खोलीभर झाला. सगळ्या डब्या थंड व्हायला ठेवल्या आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याला सपाटून भूक लागली आहे.

तिने डबा उघडला. गवारीची भाजी होती. तिला गवार आवडत नाही. तिने ती सगळी खाल्ली आणि डब्याचं झाकण पोळीने पुसून घेतलं.